सामी रेनडिअरपाळांवर पीएच.डी. करायची आहे, घरचे विचारतात कशाला?

पत्र: ताई, मी फलटण तालुक्यातली, वय २४. यंदा मानवशास्त्रात एम.ए. झाले. नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेला रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांवर एम.ए.ला एक निबंध लिहिला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. पीएच.डी. त्यावरच करायची आहे. आई म्हणते, ते आपले कोण लागतात? वडील म्हणतात, पुढे नोकरी कुठे ते सांग आणि जा. चुलत्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली आहे. आमच्या बाईसुद्धा म्हणाल्या की इथलाच विषय घे. मला स्वतःला भीती वाटते ती थंडीची आणि सहा महिन्यांच्या अंधाराची. आणि कधीकधी असंही वाटतं, आपण तिकडच्या लोकांचा अभ्यास करणं बरोबर आहे का? — अ.

उत्तर:

प्रिय अ.,

थंडी-अंधाराचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. सहा महिने अंधार हा ऐन ध्रुवावरचा हिशेब. नॉर्वेच्या उत्तरेतल्या ट्रॉम्सो शहरात साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, आणि त्या दिवसांतही दुपारी काही तास निळसर उजेड असतो. आत पठारावर कौटोकेइनोकडे पारा उणे तीसच्या खाली जातो. तिथे पोरं शाळेत जातात, म्हातारी माणसं किराणा आणायला बाहेर पडतात. चांगले लोकरीचे कपडे आणि बूट घेतलेस की निम्मी लढाई संपली, उरलेली पहिल्या हिवाळ्यात संपेल.

भीती बाळगायचीच असेल तर वेगळ्या गोष्टीची बाळग. परक्यांच्या घरात, त्यांच्या जिवावर, त्यांच्या शब्दात तुला महिनोन्‌महिने राहता येईल का? हा अभ्यास करणाऱ्यांची आयुष्यं मी वाचत आणि शिकवत आले, आणि माझं मत ठाम आहे की या कामात माणूस टिकतो किंवा मोडतो तो इथे.

जीन ब्रिग्जची गोष्ट तुला अभ्यासात आली असेल, पण मी सांगते तशी पुन्हा बघ. ही अमेरिकी बाई १९६३ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर बॅक नदीच्या मुखाशी राहणाऱ्या इन्युइट लोकांत गेली. वीस-तीस माणसांची वस्ती, पुढची वस्ती कित्येक दिवसांच्या वाटेवर. ती हार्वर्डहून विषय ठरवून निघाली होती : शामनांचा, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या जाणत्यांचा अभ्यास. पोचल्यावर कळलं की लोक केव्हाच ख्रिस्ती झालेत आणि त्या जुन्या गोष्टींवर कोणाला बोलायचंही नाही. विषय गेला. राहायला जागा हवी म्हणून एका कुटुंबाने तिला मुलगी मानून घेतलं. चौतीस वर्षांची शिकलेली बाई, आणि घरात दर्जा लेकीचा. पाणी आणायचं, चहा करायचा, बाप म्हणेल तेव्हा सामान उचलून चालू लागायचं. हिवाळ्यात सगळ्यांबरोबर एकाच इग्लूत झोपायचं. एकांत म्हणून काही नाही.

त्या लोकांत आवाज चढवणं हे लहान मुलाचं लक्षण समजत. मोठ्या माणसाने राग गिळायचा, दाखवायचा नाही. जीनला ते जमेना. ती चिडायची, फटकन बोलायची, कधी रुसायची. मग एका उन्हाळ्यात विमानाने आलेल्या हौशी गोऱ्या मासेमाऱ्यांनी वस्तीच्या दोन होड्यांपैकी एक मागून घेतली आणि फोडली. दुसरीही मागायला आले. भाषा येणारी म्हणून मध्ये जीन. तिने त्यांना चढ्या आवाजात सुनावलं : या लोकांचं पोट या होडीवर आहे, मालकाच्या मनात ती द्यायची नाही. मालक, म्हणजे तिचा मानलेला बाप, शांतपणे म्हणाला, नेऊ देत त्यांना.

त्यानंतर तिला कोणी एक शब्द बोललं नाही. मासळीचा वाटा मिळत राहिला, समोर आली की हसत. फक्त तिच्या तंबूत कोणी बसायला येईना. असं जवळजवळ तीन महिने चाललं. आपलं नेमकं काय चुकतंय हे तिला पुरतं उमगतही नव्हतं. शेवटी ग्योआ हेवन या दुसऱ्या वस्तीतल्या ओळखीच्या माणसांनी पत्र पाठवून त्या कुटुंबाला समजावलं की ती तुमच्या बाजूनेच बोलत होती, तेव्हा हळूहळू दार उघडलं. १९७० साली तिचं पुस्तक आलं ते शामनांवर नव्हतं. माणसं राग, माया, ओढ या गोष्टी कशा आवरतात आणि मुलांना कशा शिकवतात, यावर होतं. त्या तीन महिन्यांशिवाय ते लिहिलंच गेलं नसतं. पुढे ती न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात शिकवत राहिली, आणि त्या लोकांच्या बोलीच्या शब्दकोशासाठीही तिने खूप वर्षं दिली.

आता तू स्वतःला विचार. चुलते, चुलत्या, आजी अशा घरात वाढलीस असं पत्रावरून दिसतं. कोणाचा राग न बोलता कसा कळतो, चूल कोणाच्या ताब्यात आहे, पाहुण्याने कुठे बसायचं, हे तुझ्या अंगात असणार. मोठ्या शहरात स्वतंत्र खोलीत वाढलेल्या मुलीपेक्षा तुझी तयारी या बाबतीत जास्त आहे, आणि अर्ज लिहिताना हे लपवू नकोस.

तुझ्या बाई म्हणतात इथला विषय घे. त्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. पीएच.डी. इथल्या विषयावर करू नकोस, पण पहिलं फील्डवर्क इथे कर. तू फलटणची! दिवाळी झाली की तुमच्याच तालुक्यातले धनगर वाडे मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. घोड्यावर बिऱ्हाड, रात्री शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे. कोणाच्या शेतात किती रात्री, कुठल्या गावात चारा, कुठल्या वनखात्याच्या माणसाशी कटकट, हे सगळं वाड्यावर रोज ठरतं. तुझे सामीसुद्धा काही घरं मिळून एकत्र कळप राखतात, त्या गटाला ते सीडा म्हणतात, आणि तिथेही रोजचा प्रश्न हाच असतो : उद्या कुठे, कोण पुढे, चारा कसा आहे. या दिवाळीनंतर एखाद्या वाड्याबरोबर राहा. चार दिवस फोटो काढायला जाऊ नकोस. बायकांबरोबर काम कर, त्यांच्या वेळेला उठ, रोज रात्री लिही. मेंढरांच्या कानाच्या खुणा, लोकर, आजार, कोकरांची नावं, सगळं टिपून ठेव. तुझ्या अर्जात हे पान सगळ्यांपेक्षा वेगळं दिसेल, कारण रेनडिअरवर लिहिणाऱ्या किती उमेदवारांनी आयुष्यात एकही कळप हाकलेला असतो?

इथून तिकडे जाण्याची वाट नवी नाही. केंब्रिजचे पियर्स विटेब्स्की १९७०च्या दशकात ओडिशाच्या सोरा आदिवासींत राहिले, त्यांची भाषा शिकले, मेलेल्या माणसांशी ते लोक कसा संवाद करतात यावर लिहिलं. १९८८पासून तेच गृहस्थ सैबेरियात, याकुतियातल्या एवेनी रेनडिअरपाळांकडे जाऊ लागले. तिथे सोव्हिएत काळात बायकामुलांना गावात आणून बसवलं होतं, मुलं वसतिशाळांत, आणि कळपामागे डोंगरात बहुतेक पुरुषच उरले होते. एका सुट्या माणसाला हे दिसायला वेळ लागला असता. ओडिशात घरं कशी चालतात हे जवळून पाहिलेल्या माणसाला ते लवकर खटकलं असणार, असा माझा आपला अंदाज.

भाषेचं मी आणखी ठासून सांगेन. एमिली डेमांट नावाची डॅनिश चित्रकार १९०४ साली बहिणीबरोबर लॅपलँड बघायला गेली असताना रेल्वेत तिची गाठ योहान तुरी या सामी लांडगेशिकाऱ्याशी पडली. त्याच्या मनात होतं आपल्या लोकांवर पुस्तक लिहायचं, तिच्या मनात होतं त्या लोकांत राहायचं. ती परत कोपनहेगनला गेली आणि आधी सामी भाषा शिकली. मग १९०७-०८मध्ये एका कुटुंबाबरोबर तंबूत राहिली, वसंतात कळपांबरोबर बर्फातून डोंगर ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत गेली. आणि त्यानंतर जे केलं त्यासाठी मी तिला फार मानते. ती तुरीबरोबर बसली, त्याने लिहावं म्हणून मागे लागली, त्याच्या वह्या नीट लावल्या, डॅनिशमध्ये भाषांतर केलं. १९१० साली ते पुस्तक सामी आणि डॅनिश अशा दोन भाषांत शेजारी शेजारी छापून आलं, लेखक म्हणून नाव तुरीचं. तिचं स्वतःचं पुस्तक नंतर, १९१३मध्ये. क्रम लक्षात घे.

आता तुझा शेवटचा प्रश्न, बरोबर आहे का हा. पत्रात तो तू सगळ्यात खाली टाकलास, पण माझ्या दृष्टीने तो वरचा आहे.

सामी लोकांना आपल्या शास्त्राचा अनुभव चांगला नाही. स्वीडन सरकारने १९२२ साली उप्सालाला वंशजीवशास्त्राची संस्था काढली. तिथली माणसं सामी वस्त्यांत जाऊन डोकी मोजत, लहान मुलांना आणि मोठ्यांना उघडं उभं करून फोटो काढत. १९५०च्या दशकात स्वीडनमधल्या लीक्सेलेच्या जुन्या दफनभूमीतून उकरून नेलेले २५ माणसांचे अवशेष २०१९च्या ऑगस्टमध्ये परत आणून पुरले गेले. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना 'मी मानवशास्त्राची विद्यार्थिनी' असं सांगितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं असतं, याचा विचार करून मगच अर्ज लिही.

आपल्यालाही हे नवीन नाही. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याकडे नाकं मोजून जातींची उतरंड लावली होती. आणि आपल्या इरावती कर्वे १९३०च्या सुमारास बर्लिनला ऑयगेन फिशर या जर्मन शास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. फिशरला दाखवायचं होतं की कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर ठरतो, युरोपियांची वेगळी आणि इतरांची वेगळी. इरावतीबाईंनी मोजमाप केलं आणि तसा काही संबंध सापडत नाही असं प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शकाच्या तोंडावर, परक्या देशात, पंचविशीच्या आतबाहेरच्या मराठी मुलीने. पुढे तोच फिशर नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा मुलामा देत बसला, आणि इरावतीबाई पुण्याला डेक्कन कॉलेजात येऊन गावोगाव हिंडल्या. तुला 'आपण तिकडचा अभ्यास का करायचा' असं विचारणाऱ्याला हे सांग. आपण मोजले गेलेलो लोक आहोत आणि मोजणाऱ्यांच्या खोलीत बसून 'हे खोटं आहे' म्हणणारी बाईही आपल्याच भाषेतली आहे.

पण तेवढ्याने तुला हक्क मिळत नाही. हक्क ते लोक देतील. नॉर्वेत १९८९पासून सामींची स्वतःची संसद आहे, कौटोकेइनोला त्याच वर्षी सुरू झालेलं त्यांचं उच्चशिक्षण विद्यालय आहे, त्यांचे स्वतःचे संशोधक आहेत. त्यांना शोधून, त्यांनी काय लिहिलंय ते वाचून मग विषय ठरव. तुझ्या निबंधाचा विषय तू लिहिलेला नाहीस, पण 'सामी संस्कृती आणि परंपरा' अशा धर्तीचा असेल तर तो बाजूला ठेव. त्यांना सध्या कशाचा घोर आहे ते बघ. ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो, मग गोठतो, बर्फावर कडक थर बसतो आणि खालचं दगडफूल रेनडिअरला उकरून खाता येत नाही. मग विकतचं खाद्य आणायचं, ते परवडत नाही. नॉर्वेतल्या फोसेनला १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या हिवाळी कुरणांत. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की यात सामींच्या हक्काचा भंग झालाय, तरी पाती फिरतच राहिली आणि २०२३मध्ये सामी तरुण पोरं ऑस्लोच्या मंत्रालयात ठाण मांडून बसली. स्वच्छ विजेसाठी कुरण जातं तेव्हा मेंढपाळाने काय करायचं? साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या बघत मोठी झालेल्या मुलीला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला लागणार नाही. विषय कदाचित इथेच आहे तुझा. कदाचित तिथे गेल्यावर जीनसारखा बदलेलही, बदलू दे.

आता वडिलांचा प्रश्न. तो त्यांनी विचारला ते योग्यच केलं.

मारिया चाप्लिका ही मानवशास्त्रज्ञ पोलंडच्या वॉर्सातली. १९१४ साली तिने येनिसेई नदीच्या खोऱ्यात मोहीम नेली. महायुद्ध सुरू झालं, बरोबरच्या दोघी बायका परतल्या, ती एका सहकाऱ्याबरोबर मागे राहिली आणि अख्खा हिवाळा एवेंकी लोकांत हिंडली. परत आल्यावर ऑक्सफर्डने तिला मानवशास्त्राची अध्यापक नेमलं, तिथली त्या विषयातली पहिली बाई. पण ती जागा लढाईवर गेलेल्या पुरुषाची होती. तो आला, १९१९मध्ये हिची नोकरी गेली. मग ब्रिस्टलला तात्पुरतं काम, पैशाची ओढाताण, हाती न लागलेली शिष्यवृत्ती. १९२१ साली छत्तिसाव्या वर्षी तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. असं का घडतं याची कारणं कधीच एवढी सरळ नसतात, पण तिच्या शेवटच्या वर्षांत डोक्यावर छप्पर कोणाचं हा प्रश्न सतत होता. म्हणून पैशाच्या बाबतीत मी तुझ्याशी कडक बोलणार आहे.

कर्ज काढून तिकडे दुसरं एम.ए. करू नकोस. नॉर्वेने २०२३पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं आहे आणि तिथला राहण्याचा खर्च तुमच्या घराला झेपणारा नाही. पीएच.डी.चं तसं नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये बहुतेक वेळा पीएच.डी. ही पगारी नोकरी असते. नॉर्वेत तीन वर्षं, शिकवण्याचं काम धरलं तर चार. जाहिरात निघते, अर्ज जातो, मुलाखत होते. ट्रॉम्सो, रोव्हानिएमी, उमेओ इथल्या जाहिराती बघत राहा. स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनला आणि केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संस्थेतही उत्तरेचा अभ्यास चालतो, पण तिथे शिष्यवृत्ती वेगळी मिळवावी लागते. तू प्रवर्ग लिहिला नाहीस. अनुसूचित जातीची असशील तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ, अन्य प्रवर्गांच्या योजनांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात कर. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आपलं हिमाद्री स्थानक २००८पासून आहे, पण ती कामं बर्फ, समुद्र, हवामानाची. तुझा प्रवेश तिथून होणार नाही.

आणि परत आल्यावर? खरं सांगते, सामींच्या अभ्यासासाठी आपल्याकडे जागा निघत नाही. म्हणून नेट आत्ताच दे, मानवशास्त्र त्यात आहे, अभ्यास ताजा आहे तोवर होऊन जाईल. आणि धनगरांवरचं तुझं काम चालू ठेव. दोन पशुपालक समाज जवळून पाहिलेली अध्यापक विद्यापीठाला हवी असते, एका लांबच्या समाजाची तज्ज्ञ सहसा नको असते. वडिलांना हेच मांडून दाखव : अमुक वर्षं पगार, तो किती, नेट झालेलं, तीन वर्षांत जागा मिळाली नाही तर काय. माणसं पोरीच्या स्वप्नाला घाबरत नाहीत, हिशेब नसलेल्या स्वप्नाला घाबरतात. चुलत्यांना सांग की स्थळं अर्जांचे निकाल लागेपर्यंत थांबवा, आणि हे तू स्वतः, सगळ्यांसमोर सांग, आईला मध्ये घालू नकोस.

आईला मी उत्तर देऊ का? ते आपले कोणी लागत नाहीत, वहिनी. तुमच्या लेकीला ते माहीत आहे. तरी ती जाईल, कोणाच्या तरी घरात लेक म्हणून पाणी भरेल, तिथल्या आईचं ऐकेल. त्यांनी आपलं म्हणायचं का नाही हे ते ठरवतील. तुम्ही तिला स्वयंपाक शिकवून पाठवा, आणि चार माणसांत आवाज न चढवता बोलायला.

मुलगी म्हणून फील्डवर एकटी राहशील, तर एक गोष्ट पक्की ठेव. राहायचं घर बाई असलेलं निवड, आणि विद्यापीठात एका बाईमाणसाला आठवड्याला ठरल्या दिवशी फोन करायचा नेम ठेव. फोन आला नाही तर तिने काय करायचं हे आधी लिहून ठरवा. कोणी त्रास दिला तर काम सोडून निघून ये, कोणताही प्रबंध त्याच्यापेक्षा मोठा नाही.

आता कामाला लाग. उत्तर सामी शिकवणारे धडे ऑनलाइन मिळतात, नॉर्वेजियनचेही, दोन्ही सुरू कर, कारण आधी नॉर्वेजियन बोलशील तेव्हा कोणी सामी बोलायला लावेल. दिवाळीनंतर वाडा. फेब्रुवारीपर्यंत त्या नोंदींतून पंधराएक पानं लिही, बाईंना दाखव. मगच मार्गदर्शकांना पत्र पाठव. त्यात तुझी आवड किती आहे हे लिहू नकोस, सगळेच लिहितात. पहिल्या ओळीत लिही की मी एका मेंढपाळ वाड्याबरोबर घाट उतरले आणि पवनचक्क्यांखालच्या पठारावर कुरणाचं काय झालं ते पाहिलं. दुसऱ्या ओळीत तुझा प्रश्न. तिसरीत विचार की या प्रश्नावर तुमच्याकडे कोणते सामी संशोधक काम करताहेत, मला आधी त्यांना लिहायचं आहे. पंधरा पानं जोड. पाठवायच्या आधी मसुदा मला पाठवलास तर वाचून देईन.

तुझी,
ताई